ट्रंकेतली पदके आणि कागद : ओळख व मूल्यांकनाच्या नोंदी

मूळ घर सिन्नर तालुक्यातले, कुटुंब आता पंचवटीत. पत्र्याच्या एका ट्रंकेत तीन पिढ्यांच्या लष्करी नोकरीच्या वस्तू आहेत. तीन भावांची वाटणी चालू आहे, त्यामुळे प्रत्येक वस्तू काय आहे आणि तिची किंमत काय, हे त्यांना लेखी हवे आहे. पहिल्या महायुद्धाची पदके तीन आणि भाऊही तीन, म्हणून एकेक वाटून घ्यावे असा त्यांचा विचार आहे. घरात अशी ट्रंक असलेल्यांना उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी. कुटुंबाचे नाव, सैनिक क्रमांक आणि गाव मुद्दाम दिलेले नाही.

४ मे २०२४

काहीही बाहेर काढण्याआधी ट्रंकेचे वरून फोटो घेतले. मग एकेक थर उचलून पुन्हा फोटो. कोणते पदक कोणत्या कागदात गुंडाळले होते, कोणत्या पुरचुंडीत कोणते पत्र होते, हा क्रम म्हणजे पुरावा आहे. एकदा सगळे चटईवर ओतले की तो परत मिळत नाही. प्रत्येक वस्तूला सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधली आणि क्रमांक पेन्सिलने घातला. स्टिकर लावायचे नाहीत, त्यांचा गोंद धातूवर डाग पाडतो आणि कागदाचा वरचा पापुद्रा काढतो.

साहित्य : व्यास मोजायला डिजिटल व्हर्निअर ४५० रुपये, ०.०१ ग्रॅमपर्यंतचा काटा ३५०, दहापट भिंग २५०, टिपकागद, आम्लरहित कागद आणि पॉलिस्टरची पाकिटे मिळून १,६००. व्हर्निअर प्लास्टिकच्या जबड्यांचा घ्यावा. स्टीलच्या जबड्यांनी चांदीवर बारीक चरे पडतात.

घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवले की काहीही घासायचे नाही. चिंच, लिंबू, रांगोळी, भांड्यांची पावडर, यातले काहीच नाही. काळवंडलेली चांदी हे नुकसान नाही, घासून बोथट झालेली अक्षरे हे नुकसान आहे.

५ मे

रिबिनींवरून ओळखायला गेलो तर सगळेच चुकले असते. चांदीच्या गोल पदकाला गडद निळी, मध्ये लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंना नारिंगी पट्टे असलेली रिबीन होती. ती बर्मा स्टारची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेशाच्या मोहिमेच्या पदकाची. कुणीतरी मधल्या काळात, बहुधा पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी, हाताला लागली ती रिबीन ओवली असावी. म्हणून आधी धातू वाचायचा, रिबीन नंतर.

धातूवरून ओळख अशी लागली :

चांदीचे ३६ मिलिमीटरचे पदक, एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा नग्न पुरुष आणि घोड्याच्या टापांखाली गरुडाची ढाल. हे १९१४ ते १९२० चे ब्रिटिश वॉर मेडल. त्याची टांगणी सरळ पट्टीची आणि पक्की असते, फिरत नाही. ती फिरत असेल तर दुरुस्ती झालेली आहे किंवा पदक नकली आहे. याचीच ब्राँझची आवृत्ती मजूर तुकड्यांतल्या लोकांना दिली गेली होती, त्यामुळे तपकिरी दिसले म्हणून ते खोटे ठरवू नये.

पितळी झळाळीचे, पंख पसरलेल्या विजयदेवतेचे पदक म्हणजे व्हिक्टरी मेडल. तिसरा चार टोकांचा तारा, मधल्या फितीवर १९१४-१५. तिन्ही पदके एकाच जुन्या फडक्यात होती.

११ मे

आजचा दिवस कडा वाचण्यात गेला. ब्रिटिश काळातल्या पदकांचे खरे मोल कडेवरच्या अक्षरांत असते : क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. ताऱ्याची कड वाचायची नसते, त्याचे नाव मागच्या सपाट बाजूवर ठोकलेले असते.

पातळ कागद ठेवून पेन्सिल घासण्याची पद्धत इथे चालत नाही. अक्षरे दोन मिलिमीटरच्या आत, कागद घसरतो आणि नुसता राखाडी पट्टा उमटतो. पावडर भरून वाचायचा सल्ला काही जण देतात, पण ती खाचांतून पुरती निघत नाही. उपयोगी पडले ते इतकेच : खोली अंधारी करायची, मोबाइलचा टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून तिरपा धरायचा आणि पदक मऊ कापडावर थोडे थोडे फिरवत प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्यायचा. तिरप्या उजेडात झिजलेल्या अक्षराचीही सावली पडते.

चांदीच्या पदकावर क्रमांक स्पष्ट आहे. मग शिपाई हुद्दा, मग नाव, आणि नावाच्या मध्ये दोन अक्षरे गायब. भिंगातून पाहिले तर तिथे सपाट, एकाच दिशेच्या बारीक रेघा असलेला छोटा पट्टा दिसतो. हा कसोटीचा घास आहे. कधीकाळी कुणा सराफाने चांदी खरी की खोटी हे पाहायला कडच दगडावर घासली. अंगठीची कड घासली तर बिघडत नाही, पदकाच्या कडेवर मात्र माणसाचे नाव असते.

असा घास आणि मुद्दाम खोडलेले नाव यांत फरक करता आला पाहिजे, कारण नाव खोडून नवे ठोकलेली पदके बाजारात फिरतात. व्हर्निअरने बारा ठिकाणी व्यास मोजला. अकरा ठिकाणी ३६.० च्या आसपास आणि घासलेल्या जागी ३५.७. नाव बदलायला कड कानशीने उतरवली असती तर बराच लांब भाग खाली गेला असता आणि नवी अक्षरे खोलगट जागी बसलेली दिसली असती. इथे घासाच्या दोन्ही बाजूंची अक्षरे मूळ ठशाची, सारख्या खोलीची आहेत.

गायब अक्षरे मिळाली ती ताऱ्याच्या मागच्या बाजूवर आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर. तिन्हींवर तोच क्रमांक, तेच नाव, तीच ११० वी मराठा पलटण. म्हणजे चांदीचे पदक कोणाचे, हे सिद्ध करायला बाकीची दोन लागतात. वाटणीच्या चर्चेत हा मुद्दा सगळ्यांत आधी ठेवला.

१२ मे

देवघराशेजारच्या भिंतीवर टांगलेली काशाच्या रंगाची मोठी चकती. घरात तिला 'पणजोबांचा टाक' म्हणतात, पितृपक्षात हळदकुंकू वाहतात. ही पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्यांच्या घरी पाठवलेली स्मृतिचकती. व्यास १२० मिलिमीटर, ब्राँझची. ब्रिटनचे प्रतीक असलेली ब्रिटानिया उभी, शेजारी सिंह, दोन डॉल्फिन, आणि उजवीकडे चौकटीत नाव. रचना एडवर्ड कार्टर प्रेस्टन यांची, त्यांची आद्याक्षरे सिंहाच्या पुढच्या पंजाच्या वर सापडतात.

चकतीसाठी छोटा काटा निरुपयोगी, त्याची मर्यादा २०० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन साधारण ३३० ग्रॅम भरले, ते ठीक आहे. खऱ्या चकतीवर नाव उठावाचे असते, कारण ते चकतीबरोबरच ओतलेले आहे. चौकटीतला पृष्ठभाग आजूबाजूपेक्षा खोल असेल किंवा नाव कोरून घातलेले असेल, तर ती दुसऱ्या कुणाची चकती तासून विकायला काढलेली आहे. पुन्हा साचा घेऊन ओतलेली नक्कल व्यासाला किंचित लहान भरते, कारण धातू थंड होताना आकसतो. शिवाय सिंहाच्या आयाळीचे केस बोथट येतात. इथे आयाळीचा केस न् केस सुटा दिसतो.

सिंहाच्या पायांमधल्या खाचेत कुंकू आणि तेलाचा घट्ट थर, त्याच्या काठाला मेणासारखा हिरवा पट्टा. तेल आणि तांब्याचा संयोग होऊन हा हिरवा मळ होतो. तो स्थिर असतो. घाबरायचे ते फिकट हिरव्या, भुकटीसारख्या सुटणाऱ्या ठिपक्यांना, तो क्षारांमुळे होणारा रोग आहे आणि दमट हवेत पसरतो. टाचणीच्या टोकाने तपासले, भुकटी नाही. म्हणून कुंकू तसेच ठेवले. या घरात शंभर वर्षे या माणसाचे नाव कसे घेतले गेले, त्याची ती खूण आहे. यापुढे पूजा करायची तर चकतीसमोर ठेवलेल्या फोटोची करावी, तेल लावू नये, एवढे सांगितले.

चकतीवर हुद्दा आणि पलटण नसते. मेलेल्यांत भेद नको म्हणून ते मुद्दाम वगळले होते. त्यामुळे सुटी चकती आणि त्यावर नेहमीचे नाव, तर माणूस ठरवणे जवळजवळ अशक्य.

१८ मे

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणजे महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या कबरी, स्मारके आणि नोंदी सांभाळणारी संस्था. तिच्या संकेतस्थळावरचा शोध मोफत आहे. नावाने सुरुवात केली तर वेळ वाया जातो, कारण इंग्रज कारकुनांनी मराठी नावे कानाला लागली तशी लिहिली. एकच आडनाव चार तऱ्हांनी सापडते. आधी पलटण निवडायची, मग सालांची मर्यादा घालायची, मग क्रमांक जुळवायचा. क्रमांक जुळला की स्पेलिंग कसेही असो. शिपायाच्या नोंदीत पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि 'नासिक' जिल्हा दिलेला असतो. आपल्या नोंदीत गाव बरोबर आहे, तालुक्याचे स्पेलिंग विचित्र.

नोंद बसरा स्मारकावरची. १९१४ च्या शरदापासून ऑगस्ट १९२१ पर्यंत मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) मेलेल्या आणि ज्यांची कबर वा दहनस्थान माहीत नाही अशा सैनिकांचे हे स्मारक, चाळीस हजारांहून जास्त जणांचे. तिथे नोंद असणे म्हणजे माणूस बसऱ्यात मेला असे नव्हे. घरात तसेच सांगितले जात होते, ते दुरुस्त केले. ११० वी पलटण कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होती. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली.

इथे पलटणीच्या क्रमांकांचा गोंधळ नेहमी होतो. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३ वी ही पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी आणि ११४ वी प्रशिक्षणाची दहावी. त्यामुळे पदकावर ११० आणि नंतरच्या पेन्शनच्या कागदावर 'तिसरी/पाचवी मराठा' असे असेल, तर ती दोन माणसे समजू नयेत.

२५ मे

कागद. सगळ्यांत अवघड स्मृतिपत्र, चकतीबरोबर आलेले, अकरा बाय सात इंचांचे, बिडीच्या बंडलासारखे घट्ट वळलेले. कोरडे उलगडले असते तर घडीवर तुटले असते. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात तळाशी ओला टिपकागद, त्यावर प्लास्टिकची जाळी, जाळीवर गुंडाळी. पाणी कागदाला लागता कामा नये, फक्त बाष्प. आधी नावाच्या लाल-काळ्या शाईच्या कोपऱ्यावर ओलसर कापसाची काडी टेकवून पाहिली. शाई सुटत असती तर हे काम कागद-संरक्षणाच्या जाणकाराकडेच न्यायला हवे होते.

चार-पाच तासांत गुंडाळी सैल झाली. दोन टिपकागदांत घालून वर पुस्तके ठेवली, पण ओलावा आत अडकून मधोमध लाट राहिली. पुस्तके काढून टिपकागद बदलला, दर काही तासांनी पुन्हा बदलत राहिलो, दुसऱ्या दिवशी लाट बसली. वजन आधी हलके आणि कागद वाळत जाईल तसे वाढवायचे, हा क्रम पाळावा. हे काम उन्हाळ्यातच उरकावे. नाशिकच्या श्रावणात टिपकागद वाळत नाही आणि बुरशी धरते.

एका कोपऱ्यावर जुनी सेलोटेप आहे, पिवळी पडलेली. ती ओढायची नाही. लॅमिनेशन तर कधीच नाही. लॅमिनेट केलेला कागद परत मोकळा होत नाही आणि खरेदीदार त्याला मूळ कागद मानायला तयार नसतो.

८ जून

मोडीतले पत्र. देवनागरीत नाही म्हणून घरात कुणी वाचले नव्हते, पाठकोरा कागद समजून त्यात तारा गुंडाळलेला होता. मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून लिप्यंतर करून घेतले, ८०० रुपये. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाची मोडी परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूस पाहावा, म्हणजे लिप्यंतर पुढे कुठे दाखवायला अडचण येत नाही.

मजकूर अगदी साधा : मनीऑर्डर पोचली का, बैलाचे काय झाले, धाकट्याला शाळेत घाला. त्या काळी शिपायाचा पगार महिना अकरा रुपये, म्हणून पत्रातली मनीऑर्डरीची रक्कम लहान वाटली तरी घराला मोठी होती. मूल्यांकनाच्या दृष्टीने तीन शब्द मोलाचे. पत्ता 'नंबर ११० पलटण', ठिकाण 'कुतल अमारा', आणि तिथी आश्विन, शके १८३७. शकात ७८ मिळवले की आश्विनापुरते इसवी सन मिळते, १९१५. म्हणजे पत्र ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीचे : टेसिफॉनच्या लढाईआधीचे, वेढ्याच्याही आधीचे. पौष ते फाल्गुनातली तिथी असेल तर ७९ मिळवावे लागू शकतात, तिथे पंचांग पाहूनच लिहावे.

पाकिटावर पाचव्या जॉर्जचे तिकीट, त्यावर आय.ई.एफ. ही काळी छपाई आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का. भारतीय मोहिमी फौजांसाठी १९१४ मध्ये ही छपाई केली गेली. धाकट्या भावाच्या मुलाला ते तिकीट अल्बमसाठी हवे होते. सुटे तिकीट मामुली. शिक्का, पत्ता आणि आतले पत्र यांसह अख्खे पाकीट ही वेगळी वस्तू आहे. तिकीट भिजवून काढू नये, पाकिटाची कडही नीट दिसावी म्हणून कापू नये. मुलाला रंगीत प्रत काढून दिली.

१६ जून

दुसरी पुरचुंडी, दुसऱ्या महायुद्धाची. १९३९-४५ स्टार, बर्मा स्टार, वॉर मेडल, इंडिया सर्व्हिस मेडल. भारतीय सैनिकांना दिलेल्या या पदकांवर पुष्कळदा नाव आढळते, इथे तीनवर आहे. बर्मा स्टार कोरा, आणि तो नकली निघाला : मागची बाजू दाणेदार, टोकांच्या कडांवर साच्याची शिवण, राजाच्या मोनोग्रामची अक्षरे सुजल्यासारखी. ठशाने पाडलेला धातू आणि ओतलेला धातू यांतला फरक एकदा डोळ्यांत बसवायला त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीचे नाण्यांचे संग्रहालय उत्तम, तिथली नाणी पाहिल्यावर पदकांची नजर तयार होते.

तारा नकली असला तरी सैनिकाचा हक्क खोटा ठरत नाही. त्याच्या डिस्चार्जच्या कागदावर पदकांच्या रकान्यात बर्मा स्टार लिहिलेला आहे. मूळ तारा हरवला, नंतर कुणी बदली आणला. यादीत 'नंतरची प्रतिकृती, हक्क कागदोपत्री सिद्ध' असे लिहिले. एक तपासणी लक्षात ठेवण्यासारखी : इंडिया सर्व्हिस मेडल आणि डिफेन्स मेडल एकाच माणसाला मिळत नसे. पट्टीवर दोन्ही दिसली तर संच जुळवलेला आहे.

याच पुरचुंडीत इंग्रजी लिपीतली दोन पत्रे होती, पण इंग्रजी वाचणाऱ्याला अर्थ लागेना. ती रोमन उर्दू आहे, तेव्हाच्या फौजेतली नेहमीची लिखापढी. मोठ्याने वाचली की हिंदुस्थानी ऐकू येते.

पितळी बटणे आणि एक ब्रिटिश तोफखान्याचा बिल्लाही निघाला. हे घरातल्या माणसाचे नसावे. देवळालीला गोऱ्या सैनिकांची ये-जा करणारी मोठी छावणी होती, तिथून निघालेले बिल्ले, पट्टे, बटणे जिल्ह्याच्या बाजारांत वर्षानुवर्षे फिरत आली आहेत. सापडले नाशिकला म्हणून ते नाशिकच्या शिपायाचे ठरत नाही. वेगळ्या पाकिटात ठेवले.

३० जून

तिसरी पिढी लवकर झाली : समर सेवा स्टार १९६५, रक्षा मेडल १९६५, सैन्य सेवा मेडल. पदकांवर क्रमांक आणि नाव, कागद जुळतात, शंका नाही. पण या पुरचुंडीतल्या पेन्शनच्या कागदांवर बँक खाते आणि पी.पी.ओ. (पेन्शन पेमेंट ऑर्डर) क्रमांक आहेत आणि कुटुंबनिवृत्तिवेतन चालू आहे. स्कॅनच्या प्रती भावांना देताना ते रकाने झाकले. एखाद्या गटावर उत्साहाने अख्खा कागद टाकला जातो आणि मग आजींच्या नावावर फसवणुकीचे फोन येतात.

१४ जुलै

मूल्यांकन. तीन रकाने केले : धातूमूल्य, बाजारमूल्य, पुराव्याचे मूल्य.

धातूमूल्य फक्त चांदीच्या पदकाला. बर्मा स्टारची रिबीन मूळची नव्हतीच, म्हणून ती काढून पाण्यात वजन घेता आले. हवेत ३२.६० ग्रॅम, पाण्यातली घट ३.१५ ग्रॅम, भागाकार १०.३५. ९२५ च्या चांदीची घनता हीच, पुन्हा कसोटी लावायचे कारण नाही. रिबीन मूळची आणि शिवलेली असेल तर ही चाचणी करू नये. ३२.६० × ०.९२५ म्हणजे साधारण ३०.१६ ग्रॅम शुद्ध चांदी. जुलै २०२४ मधल्या किलोला नव्वद हजारांच्या भावाने सुमारे २,७०० रुपये झाले. सराफ यातून घट आणि वटाव धरणार. १९८० च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा ही पदके जगभर याच हिशेबाने वितळवली गेली.

बाजारमूल्यासाठी विक्रीला टाकलेल्या वस्तूंच्या मागणी-किमती उपयोगाच्या नाहीत. लिलावात प्रत्यक्ष किती बोलीला गेले तेच पाहायचे आणि त्यातून विक्रेत्याचे कमिशन वजा करायचे. तुलना करताना तीच पलटण किंवा तीच मोहीम, मृत की परतलेला, पदके तिन्ही आहेत की तुटक, चकती आहे का, कागद आहेत का, आणि शेवटी झीज. कसोटीच्या घासामुळे भाव उतरतो, पण तिन्ही पदके, चकती, स्मृतिपत्र, पत्र आणि पाकीट एकाच माणसाचे असल्याने तो उतार संचात भरून निघतो. सुटे केले तर उलटे : अर्धवट नावाचे चांदीचे पदक धातूच्या भावाला येते, हुद्दा नसलेली चकती 'कुणाची तरी' होते आणि मोडी पत्राला पत्ता राहत नाही. कुटुंबाला दिलेला आकडा इथे लिहीत नाही. इतके सांगता येईल की पूर्ण संचाचा अंदाज सुट्या वस्तूंच्या बेरजेहून बराच वर आला.

कायद्याची बाजू. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यात शंभर वर्षांपुढच्या ऐतिहासिक वस्तू येतात, हस्तलिखित कागदांना मर्यादा ७५ वर्षांची. अशा वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. पहिल्या महायुद्धाची पदके आता त्या वयाला पोचली. परदेशी खरेदीदाराने 'पोस्टाने पाठवा' म्हटले तर पाठवू नये.

२८ जुलै

भावांनी संच न फोडण्याचे ठरवले. वाटणीपत्रात घालायला दिलेला मजकूर असा : 'अनुक्रमांक १ ते ७ या वस्तू एकच संच असून त्या विभागल्या जाणार नाहीत. ताबा थोरल्या शाखेकडे. विकायच्या झाल्यास तिघांच्या लेखी संमतीने एकत्रच विकाव्यात व रक्कम सम वाटावी.' सोबत प्रत्येक वस्तूचे फोटो, मोजमाप आणि कडेवरचा मजकूर जोडला. उरलेल्या दोन शाखांना छापील प्रती आणि लिप्यंतर. दुसऱ्या व तिसऱ्या पिढीची पदके मात्र त्या त्या शाखेकडे, आपापल्या कागदांसह.

साठवण : प्रत्येक पदक आम्लरहित कागदात वेगळे, कागद पॉलिस्टर पाकिटांत, पी.व्ही.सी.च्या नाण्यांच्या अल्बमात नाही. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यात महिन्यातून एकदा बदलायच्या. डांबरगोळ्या नाहीत. ट्रंक भिंतीपासून हातभर लांब आणि विटांवर, म्हणजे वाळवी चढली तर दिसते.

बाकी : दुसऱ्या पिढीच्या सेवेचा तपशील मागणारा अर्ज रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे क्रमांक, नाव, भरतीचे साल आणि नात्याच्या पुराव्यासह पाठवला आहे. गावच्या जुन्या चावडीच्या भिंतीवर १९१४-१९ चा संगमरवरी फलक चुन्याखाली असल्याचे म्हातारी माणसे सांगतात. पावसाळा संपल्यावर ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन चुना ओल्या फडक्याने मऊ करून बांबूच्या कामटीने काढायचा, पत्रा किंवा खरवडणी लावायची नाही.